पिक्सेल एलईडीची रोषणाई : आधी चिप ओळखा, मग माळ विकत घ्या

चतुर्थीच्या दोन दिवस आधी मुंबईहून चाकरमानी येतात आणि सामानात लोहार चाळीतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला रंगीत लायटिंगचा एक खोका हमखास असतो. मखर बांधून होते, माटवी (गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची चौकट) सजते, रात्री नऊला खोका उघडला जातो आणि अकरा वाजेपर्यंत कळते की कंट्रोलर, म्हणजे दिव्यांना रंगांची आज्ञा देणारे यंत्र, एका चिपसाठी आहे आणि माळ दुसऱ्याच चिपची आहे. मुंबईत असतो तर दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणले असते. देवगड, मालवण किंवा गुहागरच्या वाडीत बसून ते शक्य नसते. माझ्या घरी पहिल्या वर्षी नेमके हेच झाले. विकणाऱ्याने ‘पिक्सेल आहेत’ एवढेच सांगितले होते, चिपचे नाव मी विचारले नव्हते, आणि दोनशे दिव्यांची माळ गणपतीचे पाचही दिवस खोक्यातच राहिली. त्यानंतरच्या काही वर्षांत मखर, तुळशीवृंदावन, जत्रेची कमान आणि नारळी पौर्णिमेला एका मच्छीमार होडीची रोषणाई करताना जे कळत गेले, ते इथे क्रमाने मांडत आहे. वाचून झाल्यावर किमान खरेदीची चूक तरी आपल्याकडून होऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

पायरी १ : ‘पिक्सेल’ म्हणजे काय, हे आधी समजून घ्या

साध्या आरजीबी पट्टीला चार तारा असतात : एक पॉझिटिव्ह आणि लाल, हिरव्या, निळ्या रंगासाठी एकेक. ती पट्टी रंग बदलते, पण सगळी मिळून एकाच वेळी. पिक्सेल माळेत प्रत्येक दिव्यामागे, किंवा तीन-तीन दिव्यांच्या गटामागे, स्वतःची चिप असते आणि म्हणून प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो. अशा माळेला बहुधा तीन तारा असतात : पॉझिटिव्ह, ग्राउंड (म्हणजेच निगेटिव्ह) आणि डेटा.

डेटाची एकच तार शेकडो दिव्यांना वेगवेगळा रंग कसा पोहोचवते, हे कळले की पुढचे जवळजवळ सर्व दोष आपोआप उलगडतात. पंगतीत द्रोणांची चवड एका टोकाकडून दिली, की पहिला आपला द्रोण ठेवून घेतो आणि उरलेली चवड शेजाऱ्याकडे सरकवतो. पहिली चिप तसेच करते. आलेल्या माहितीतले पहिले २४ बिट, म्हणजे तीन रंगांचे प्रत्येकी ८, ती स्वतःसाठी ठेवते आणि उरलेले पुढच्या चिपकडे पाठवते. डब्ल्यूएस २८१२बी या सर्वांत प्रचलित चिपमध्ये एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा असतो. तार त्या वेळात साधारण ०.८ मायक्रोसेकंद ‘वर’ राहिली तर तो बिट १ समजला जातो आणि ०.४ मायक्रोसेकंद राहिली तर ०. सगळी माहिती पाठवून झाल्यावर तार काही काळ शांत राहिली, की सर्व चिपा एकदम नवा रंग दाखवतात. हा शांततेचा काळ जुन्या चिपांना ५० मायक्रोसेकंद पुरत असे, नव्या आवृत्तीला २८० लागतात.

यातून तीन गोष्टी निघतात. माहिती एकाच दिशेने जाते, त्यामुळे माळेला सुरुवात आणि शेवट असतो. मधली एक चिप मेली तर पुढच्या सर्व दिव्यांपर्यंत काहीच पोहोचत नाही. आणि माळ जितकी लांब तितका प्रत्येक चित्राला वेळ जास्त लागतो : एका पिक्सेलला ३० मायक्रोसेकंद, म्हणजे १००० पिक्सेलना ३० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३३ चित्रे. घरच्या मखराला याची अडचण येत नाही. कमानीवर हजारापुढे दिवे लावायचे असतील तर मात्र माळेचे दोन-चार भाग करून प्रत्येकाला कंट्रोलरचे स्वतंत्र आउटपुट द्यावे.

पायरी २ : चिप ओळखा आणि तिचे नाव लिहून घ्या

व्होल्टेज, कंट्रोलर, तारेची जाडी आणि दुरुस्तीची पद्धत या सर्व गोष्टी चिप ठरवते. म्हणून या पायरीवर घाई करू नका.

आपल्याकडे सजावटीत सर्वाधिक दिसते ती १२ मिलिमीटरची बुलेट माळ, जिचे दिवे सनबोर्डच्या किंवा पत्र्याच्या भोकात दाबून बसवता येतात. एका लडीत बहुधा ५० दिवे असतात. तिच्यात डब्ल्यूएस २८११ किंवा तिच्याशी जुळणारी यूसीएस १९०३, एसएम १६७०३ अशी एखादी चिप असते. डब्ल्यूएस २८११ ही एलईडीपासून वेगळी असलेली चिप आहे. ती प्रत्येक रंगाला सुमारे १८.५ मिलिअँपिअर इतका स्थिर करंट देते आणि ४०० किंवा ८०० किलोहर्ट्झ अशा दोन वेगांवर चालू शकते. कंट्रोलरमध्ये वेग चुकीचा निवडला तर माळ पेटते, पण रंग वेडेवाकडे येतात.

पट्टीच्या रूपात मिळते ती मुख्यतः डब्ल्यूएस २८१२बी. हिच्यात चिप एलईडीच्या पोटातच बसवलेली असते. पांढऱ्या चौकोनी दिव्यात नीट पाहिले तर रंगांच्या तीन ठिपक्यांशेजारी काळसर कण दिसतो, तीच चिप. ही ५ व्होल्टवर चालते. रंगांचा क्रम मात्र हिरवा, लाल, निळा असा आहे, आणि बुलेट माळेचा बहुधा लाल, हिरवा, निळा असतो. ‘लाल सांगितला तर हिरवा पेटतो’ या नेहमीच्या तक्रारीमागे केवळ हा क्रम असतो. माळ खराब नसते, कंट्रोलरमध्ये क्रम बदलला की काम होते.

बाहेरच्या कामासाठी माझी पसंती डब्ल्यूएस २८१५ ला आहे. ती १२ व्होल्टवर चालते आणि तिला डेटाच्या दोन तारा असतात, एक मुख्य आणि एक राखीव. मधला एखादा दिवा मेला तरी पुढचा दिवा राखीव तारेवरून माहिती घेतो आणि रांग चालू राहते; लागोपाठचे दोन मेले तर मात्र खंड पडतो. पहिल्या दिव्याची राखीव तार मोकळी सोडू नका, ग्राउंडला जोडा. डब्ल्यूएस २८१३ मध्ये हीच सोय ५ व्होल्टवर मिळते. खाऱ्या हवेत एखादा दिवा मरणार हे गृहीत धरूनच चालावे लागते, त्यामुळे किनाऱ्यावर या राखीव तारेसाठी थोडे जास्त पैसे देणे मला योग्य वाटते.

एसके ६८१२ च्या काही प्रकारांत लाल, हिरव्या, निळ्यासोबत चौथा पांढरा दिवा असतो. मूर्तीवर पडणारा प्रकाश या पांढऱ्याने फार सुरेख आणि नैसर्गिक दिसतो. अशा दिव्याला २४ ऐवजी ३२ बिट लागतात. कंट्रोलरला तसे सांगितले नाही, तर प्रत्येक दिव्याचे शेवटचे ८ बिट पुढच्याच्या माहितीतून घेतले जातात आणि रंग सरकत सरकत भलतेच होतात.

एपीए १०२ आणि तिच्याशी जुळणारी एसके ९८२२ यांना डेटासोबत क्लॉकची वेगळी तार असते. बिट केव्हा वाचायचा हे क्लॉक सांगतो, म्हणून वेळेचे बंधन सैल होते आणि वेगही वाढवता येतो. एपीए १०२ चा दिवा सेकंदाला सुमारे २०,००० वेळा उघडझाप करतो, त्यामुळे आरतीचे मोबाइलवर चित्रीकरण करताना लहरी पट्टे दिसत नाहीत. किंमत अर्थातच जास्त आहे.

ओळखण्यासाठी पट्टीवरची छापील अक्षरे, रिळाच्या चिकटपट्टीवरचे नाव आणि तारांची संख्या पाहा. बुलेट माळेवर सहसा काहीही छापलेले नसते, म्हणून विकत घेतानाच विचारा आणि बिलावर चिपचे नाव व व्होल्टेज लिहून घ्या. विक्रेता लिहून द्यायला तयार नसेल तर तिथून घेऊ नका.

पायरी ३ : कंट्रोलर निवडा

घरगुती कामाला दोन मार्ग आहेत. पहिला एसडी कार्डचा तयार कंट्रोलर, उदाहरणार्थ टी-१०००एस. संगणकावर एलईडीएडिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नक्षी तयार करायची, फाइल कार्डवर टाकायची आणि कार्ड कंट्रोलरमध्ये घालायचे. फाइल तयार करताना निवडलेली चिप आणि प्रत्यक्षातली चिप एकच असली पाहिजे. माझी पहिल्या वर्षीची माळ याच एका निवडीमुळे पेटली नव्हती, हे मला पुढच्या मे महिन्यात समजले. ज्या मंडळाला दरवर्षी ठरलेलीच नक्षी हवी असते आणि हाताळणारी माणसे बदलत असतात, त्यांना हा कंट्रोलर सोयीचा पडतो.

दुसरा मार्ग ईएसपी ३२ या छोट्या वायफाय बोर्डाचा. त्यावर डब्ल्यूएलईडी हे मुक्त सॉफ्टवेअर संगणकाच्या ब्राउझरमधूनच भरता येते. बोर्ड सुरू केल्यावर तो स्वतःचे वायफाय तयार करतो, मोबाइल त्याला जोडून ब्राउझरमध्ये ४.३.२.१ हा पत्ता उघडला की सेटिंग दिसते. इंटरनेट लागत नाही, आणि रेंजसाठी टेकाडावर चढावे लागणाऱ्या वाड्यांत ही मोठीच सोय आहे. सेटिंगमध्ये चिपचा प्रकार, दिव्यांची संख्या, पिनचा क्रमांक, रंगांचा क्रम आणि जास्तीत जास्त करंट या पाच गोष्टी भरायच्या असतात. शेवटची कधीही विसरू नका. तुमच्या एसएमपीएसच्या (घरच्या विजेचे ५ किंवा १२ व्होल्ट करून देणाऱ्या पेटीच्या) ताकदीपेक्षा कमी आकडा तिथे भरला, तर सर्व दिवे एकदम पांढरे झाले तरी सॉफ्टवेअर उजेड आपोआप कमी करते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हाच मार्ग घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चिप बदलली तरी बोर्ड तोच राहतो.

मोठ्या देवळाची किंवा इमारतीची कायमची रोषणाई करायची असेल तर डीएमएक्स ५१२ या प्रोटोकॉलचे, म्हणजे माहिती पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीचे, नाव कानावर येईल. नाटकाच्या रंगमंचावरील दिव्यांसाठी तो १९८६ मध्ये अमेरिकेत ठरवण्यात आला. सेकंदाला २,५०,००० बिट या वेगाने तो ५१२ चॅनेल पाठवतो, आणि प्रत्येक रंगाला एक चॅनेल लागतो. तीन रंगांचे एका ओळीत १७० पिक्सेल बसतात आणि चार रंगांचे १२८. याची माहिती दोन तारांमधील फरकावर वाचली जाते, त्यामुळे लांब अंतरावरही ती टिकते. ओळीच्या शेवटी मात्र १२० ओहमचा रेझिस्टर लावावा लागतो. यूसीएस ५१२ सारख्या चिपांना डीएमएक्सचा स्वतंत्र पत्ता लिहून द्यावा लागतो, आणि त्या समांतर जोडलेल्या असल्यामुळे एक मेल्याने दुसरी बंद पडत नाही. आर्ट-नेट आणि एसएसीएन हे याच माहितीला नेटवर्कच्या केबलवरून नेणारे प्रोटोकॉल आहेत आणि डब्ल्यूएलईडीला ते दोन्ही कळतात. घरच्या मखरासाठी यात शिरण्याची गरज नाही.

पायरी ४ : सामान आणि कागद जमवा

माळ आणि कंट्रोलर सोडून पुढील वस्तू हाताशी हव्यात :

– दिव्यांच्या व्होल्टेजचाच एसएमपीएस, ५ किंवा १२ व्होल्ट
– मल्टिमीटर, हा नसेल तर कामाला हातच घालू नका
– सोल्डरिंग आयर्न, कथिल, वायर स्ट्रिपर
– १ आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर
– गाडीत वापरतात ते ब्लेड फ्यूज आणि त्यांचे होल्डर
– ३३० ओहमच्या आसपासचा एक रेझिस्टर आणि १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर
– ७४एएचसीटी१२५ किंवा ७४एचसीटी२४५ ही लेव्हल शिफ्टरची, म्हणजे डेटाचे व्होल्ट वाढवणारी, चिप
– आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब आणि न्यूट्रल क्युअर सिलिकॉन
– चिपचे नाव लिहिलेले बिल

सार्वजनिक मंडळांनी महावितरणकडून तात्पुरती वीजजोडणी घ्यावी आणि २३० व्होल्टच्या बाजूचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. त्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. भाद्रपदातल्या ओल्या मांडवात तो जीव वाचवणारा भाग आहे.

पायरी ५ : विजेचा हिशेब कागदावर मांडा

पूर्ण पांढरा उजेड दिला तर ५ व्होल्टचा एक पिक्सेल सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो असे धरा. १०० पिक्सेलना ६ अँपिअर, म्हणजे ३० वॉट. २०० पिक्सेलना १२ अँपिअर. एसएमपीएस त्याच्या लिहिलेल्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच वापरावा, म्हणून २०० पिक्सेलना ५ व्होल्ट २० अँपिअरचा एसएमपीएस घेणे रास्त ठरते.

याहून महत्त्वाचा हिशेब तारेचा आहे, आणि तो बहुतेक जण करत नाहीत. समजा एसएमपीएस ओटीवर आहे आणि १०० पिक्सेलची माळ अंगणातल्या तुळशीपाशी, १० मीटरवर. करंट जातो आणि परत येतो, म्हणून तार २० मीटर धरायची. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१८ ओहम असतो, म्हणजे एकूण ०.३६ ओहम. ६ अँपिअरला २.१ व्होल्टपेक्षा जास्त तारेतच खर्च होतात आणि तुळशीपाशी ५ पैकी तीन व्होल्टही उरत नाहीत. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर घट एका व्होल्टच्या आत येते. एसएमपीएसच तुळशीजवळ कोरड्या पेटीत ठेवता आला तर प्रश्नच मिटतो.

व्होल्ट कमी पडल्याची खूण डोळ्यांना दिसते. निळ्या आणि हिरव्या दिव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे माळेच्या सुरुवातीला शुभ्र दिसणारा पांढरा रंग शेवटाकडे पिवळसर, मग तांबूस होत जातो. यासाठी दर ५० पिक्सेलनंतर एसएमपीएसपासून पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हची ताजी जोडी आणून जोडावी. प्रत्येक जोडीच्या पॉझिटिव्हला एसएमपीएसजवळ स्वतंत्र फ्यूज लावा. दोन एसएमपीएस वापरत असाल तर दोघांचे निगेटिव्ह एकमेकांना जोडा, पॉझिटिव्ह कधीही जोडू नका. जिथे दुसऱ्याचा भाग सुरू होतो तिथे माळेची पॉझिटिव्ह तार तोडून वेगळी करा.

१२ व्होल्टने हा त्रास कमी होतो, पण एक फसगत लक्षात ठेवा. डब्ल्यूएस २८१५ च्या एका पिक्सेलला सुमारे १५ मिलिअँपिअर पुरतात. १२ व्होल्टच्या ज्या साध्या बुलेट माळेत एका चिपमागे एकच दिवा आणि रेझिस्टर असतो, तिथे करंट ५ व्होल्टच्या माळेइतकाच लागतो आणि जास्तीचे व्होल्ट उष्णता होऊन जातात. अशी माळ कापडाला किंवा कागदाला चिकटू देऊ नका.

पायरी ६ : डेटाची तार सांभाळा

‘कंट्रोलर खराब आहे’ असे म्हणून माझ्याकडे आणलेल्या कंट्रोलरपैकी बहुतेक चांगले निघाले आहेत. दोष या एका तारेत असतो.

५ व्होल्टवर चालणाऱ्या डब्ल्यूएस २८१२बी ला १ हा बिट ओळखण्यासाठी पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. ईएसपी ३२ देतो ३.३. कधी चालते, कधी चालत नाही. टेबलावर चालते आणि मखरात बसवल्यावर लुकलुकते. यावर उपाय म्हणजे मधे ७४एएचसीटी१२५ लावणे, जी ३.३ चे स्वच्छ ५ व्होल्ट करून देते. बाजारात दोन दिशांनी चालणारे छोटे लेव्हल शिफ्टरचे बोर्ड स्वस्त मिळतात. ते संथ संवादासाठी असतात आणि ८०० किलोहर्ट्झला त्यांची चढती कड आळसावते, म्हणून ते घेऊ नका. चिप मिळालीच नाही तर एक युक्ती आहे. कंट्रोलरजवळ एकच जादा पिक्सेल लावा आणि त्याच्या पॉझिटिव्हमध्ये १एन४००१ डायोड घाला. डायोड ०.७ व्होल्ट खातो, पिक्सेलला ४.३ मिळतात, त्याची गरज ३ व्होल्टवर येते आणि तो पुढे ४.३ व्होल्टचा डेटा देतो, जो बाकीच्या माळेला पुरतो.

डेटाच्या तारेसोबत ग्राउंडची तार गेलीच पाहिजे. कंट्रोलर मोबाइलच्या चार्जरवर आणि माळ एसएमपीएसवर असेल, तर दोघांचे ग्राउंड जोडल्याशिवाय डेटाला अर्थ राहत नाही. ३३० ओहमचा रेझिस्टर माळेच्या सुरुवातीला, पहिल्या पिक्सेलच्या डेटा तारेत लावा आणि कॅपॅसिटर माळेच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हवर, त्याची पट्टी असलेली बाजू निगेटिव्हला ठेवून. कंट्रोलर ते पहिला पिक्सेल हे अंतर दोन-तीन मीटरच्या आत ठेवले तर सुखाने झोप लागते. त्याहून बरेच लांब जायचे असेल तर आरएस-४८५ चे (दोन तारांमधील फरकावर माहिती नेणारे) ट्रान्समीटर-रिसीव्हर आणि नेटवर्कची पिळलेली जोडीची केबल वापरा. माळेची एकूण लांबी मात्र या अंतरात मोजावी लागत नाही, कारण प्रत्येक चिप माहिती नव्याने तासून पुढे पाठवते.

पायरी ७ : टेबलावर जोडा, मगच मखरात बसवा

क्रम असा पाळा. एसएमपीएसवर ११०/२२० चा सरकता खटका असेल तर तो २२० वर आहे हे आधी पाहा. माळ न जोडता एसएमपीएस सुरू करा, मल्टिमीटरने व्होल्ट मोजा, पुन्हा बंद करा. मग आधी ग्राउंड, नंतर पॉझिटिव्ह, सर्वांत शेवटी डेटा जोडा; सोडवताना उलटा क्रम. चालू माळेला डेटाची तार कधीही जोडू किंवा काढू नका. ग्राउंड सैल असताना डेटा जोडला तर परतीचा करंट डेटामधून वाट काढतो आणि पहिली चिप मरते.

पट्टीवर बाण असतो आणि ‘डीआय’ (डेटा आत), ‘डीओ’ (डेटा बाहेर) अशी अक्षरे असतात. बाण कंट्रोलरपासून दूर जाणारा हवा. तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका : एका खेपेला पांढरी तार ग्राउंड असते, दुसऱ्या खेपेला तीच डेटा. पहिल्या पिक्सेलपर्यंत मल्टिमीटरने तपासूनच खात्री करा. मग फक्त लाल, फक्त हिरवा, फक्त निळा आणि शेवटी मंद पांढरा अशी परीक्षा घ्या आणि माळ तासभर चालू ठेवून एसएमपीएस, सोल्डर केलेले सांधे आणि फ्यूज होल्डर हाताला गरम लागतात का ते पाहा.

पायरी ८ : खारा वारा, पाऊस आणि पाली

घाटावरच्या माणसाला या पायरीची निकड कळणार नाही. इथे उघडा तांब्याचा सांधा एका पावसाळ्यात हिरवट कळंक धरतो. होडीवर लावलेली माझी एक पट्टी पंधरवड्यात बंद पडली. कापून पाहिले तर वरचे सिलिकॉनचे आवरण शाबूत होते, पण कापलेल्या टोकाकडून खारे पाणी केशवाहिनीसारखे आत चढत गेले होते आणि पहिल्या चार दिव्यांच्या डेटा पॅडवर हिरवी बुरशी आल्यासारखा थर होता. पट्टीवर आयपी ६७ (धूळ आणि पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलेले असले तरी तुम्ही ती कापली की तो आकडा त्या टोकाला लागू राहत नाही.

म्हणून प्रत्येक सांधा सोल्डर करा, नुसती पिळून टेप लावलेली तार चालणार नाही. त्यावर गोंदाची श्रिंक ट्यूब चढवा. कापलेले टोक सिलिकॉनने बंद करा, पण ते न्यूट्रल क्युअरचे हवे. बाथरूमच्या फटींसाठी मिळणाऱ्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो. त्यातून निघणारे आम्ल तांबे खाते आणि ज्यासाठी ते लावले तोच सांधा आतून सडतो. डबी उघडल्यावर वास घेऊन पाहणे ही सोपी परीक्षा आहे.

जाळीचा एसएमपीएस उघडा ठेवू नका. उबेला पाली आणि मुंग्या आत शिरतात आणि पाल २३० व्होल्टच्या भागावर चिकटली की एसएमपीएस गेलाच म्हणून समजा. प्लास्टिकच्या पेटीत, खालच्या बाजूला बारीक जाळी लावलेल्या छिद्रांसह, जमिनीपासून वर टांगून ठेवा. पेटीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल आणि आत जाणार नाही. एसएमपीएसच्या अर्थिंगच्या स्क्रूला तार जोडलेलीच हवी. जुन्या चिरेबंदी घरांत दोन पिनांची सॉकेट असतात, आणि जांभ्या खडकात अर्थिंग चांगले मिळणे आधीच अवघड असते. तेथे वायरमनकडून अर्थिंग मोजून घेतल्याशिवाय अंगणातली रोषणाई सुरू करू नका. वीज गेली की मुख्य बटण बंद करावे आणि परत आल्यावर दोन-चार मिनिटे थांबून सुरू करावे.

पायरी ९ : बिघाड शोधण्याची रीत

काहीच पेटत नसेल तर पहिल्या पिक्सेलपाशी व्होल्ट मोजा. व्होल्ट असतील तर दिशा, ग्राउंड आणि चिपची निवड याच क्रमाने तपासा. सर्व दिवे लुकलुकत असतील तर बहुधा डेटाची पातळी कमी आहे किंवा ग्राउंड सैल आहे. शेवटचेच दिवे तांबूस किंवा थरथरत असतील तर पुरवठा कमी पडतो आहे.

एका ठराविक दिव्यापुढे अंधार असेल, तर दोषी एकतर शेवटचा पेटणारा दिवा किंवा पहिला न पेटणारा दिवा. नवीन माणूस फक्त न पेटणारा बदलतो आणि निराश होतो. पेटणाऱ्या दिव्याची पुढे पाठवण्याची बाजू मेलेली असू शकते, म्हणून दोन्ही बदला. माळेचा पहिलाच दिवा मेला असेल तर तो कापून टाका, कंट्रोलरची डेटा तार दुसऱ्या दिव्याच्या ‘डीआय’ला जोडा आणि सेटिंगमध्ये दिव्यांची संख्या एकने कमी करा. एका चतुर्थीच्या पहाटे, भटजी यायच्या आत, मी याच रीतीने शेजारच्या घरातले मखर पुन्हा पेटवले होते. यासाठी दोन-चार सुटे पिक्सेल त्याच खेपेतले, त्याच चिपचे, आधीच बाजूला काढून ठेवलेले असावेत.

पायरी १० : विसर्जनानंतर माळ उतरवताना

माळ ओढून काढू नका. डेटाचे पॅड पट्टीपासून सुटतात ते याच वेळी. बाहेर लावलेली माळ मिठाच्या थरासह गुंडाळून ठेवली तर ती खोक्यातही सडत राहते. वीज पूर्ण तोडून ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसा, दोन दिवस सावलीत वाळवा, मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा. एसडी कार्ड असेल तर त्यातली फाइल संगणकावर उतरवून घ्या.

डबा बंद करण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा : चिपचे नाव, व्होल्टेज, रंगांचा क्रम, दिव्यांची संख्या, कोणती तार ग्राउंड आणि कोणती डेटा, आणि कंट्रोलरची कोणती पिन वापरली. बिलाची झेरॉक्सही त्यातच ठेवा. मुंबईहून कोणी ‘येताना काय आणू’ असे फोनवर विचारले, की झाकण उघडून ती चिठ्ठी वाचून दाखवायची.